बेमुदत

लाल कार्ड वर गेलं तेव्हा मी खाली वाकून थर्मासचं झाकण शोधत होते. ऑक्टोबरातला शनिवार, सकाळचे साडेदहा, ग्लासगोच्या दक्षिण भागातलं एक फुटबॉलचं मैदान, आणि पाऊस असा की पडतोय म्हणावं तर दिसत नाही, नाही म्हणावं तर कोट जड झालेला. आमच्या पोराचा संघ तीन-शून्यने पुढे होता. शेवटचं एखादं मिनिट उरलं असेल. लेक चौदा वर्षांचा, बचावफळीत मधोमध खेळतो, वयाच्या मानाने जरा जास्तच उंच. झाकण सापडून मी मान वर केली तर समोरच्या संघातलं एक लहानखुरं पोरगं गवतावर तोंड धरून बसलेलं, आणि माझा मुलगा बूट ओढत बाहेर चालत येतोय. काय झालं ते शेजारच्या बाईंनी सांगितलं. त्या पोरानं मागून घोट्यावर पाय दिला, तुमच्याने वळून डोकं मारलं. बैलाबद्दल सांगावं तसं सांगितलं त्यांनी. मला आधी लाज वाटली, मग राग आला, आणि त्याच दमात, हे लिहायला नको पण लिहिते, त्याचा घोटा दुखावला नसेल ना, हेही मनात आलं. खाली बसलेल्या पोराच्या तोंडाचं काय झालं, हे मात्र मनात आलं नाही.

माझ्या डाव्या हाताला एक आजोबा उभे होते. ऐंशीच्या घरातले, कापडी टोपी, पायाशी ओला कुत्रा. नातवासाठी येतात, दर शनिवारी दिसतात. ते मान हलवून हसले आणि म्हणाले, "आमच्या वेळी असता तर सायनी डाय झाला असता पोरगा." बारा वर्षं या गावात काढल्यावर इथली बोली आता कानाला टोचत नाही, तरी हा शब्द नवा होता. मला त्यातलं फक्त 'डाय' ऐकू आलं. आईच्या कानाला बाकीचं कशाला ऐकू येतंय.

घरी येताना गाडीत ओल्या मोज्यांचा आणि चिखलाचा वास होता. वायपर चालू, रेडिओ बंद. मी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. संध्याकाळी प्रशिक्षकाचा फोन आला. फोन माझ्या हातात, आणि लेक दाराच्या चौकटीला टेकून माझ्या तोंडाकडे बघत उभा. तीन सामने, मी म्हटलं. त्याचा चेहरा पडेल अशी माझी तयारी होती. तर तो सुटल्यासारखा झाला. खांदे खाली आले, श्वास सोडला, फ्रिजशेजारी टांगलेल्या कालनिर्णयाकडे गेला आणि पुढच्या तीन शनिवारांवर बॉलपेनने फुल्या मारल्या. एका फुलीखाली एकादशी गेली, तिचं त्याला काही नव्हतं. फुल्या मारून झाल्यावर त्याने सकाळपासून पहिल्यांदा विचारलं, जेवायला काय आहे?

ती सुटका मला रात्रभर टोचत राहिली. मारल्याचं वाईट त्याला सकाळपासून वाटत होतं, ते दिसत होतं. पण त्या वाईट वाटण्याला कड नव्हती. आकडा मिळाला आणि कड आली.

दुसऱ्या दिवशी तो शब्द शोधला. सायनी डाय म्हणजे लॅटिन 'साइनि डाइए', दिवस न ठरवता. आपल्याकडे वर्तमानपत्रात छापून येतं ना, अधिवेशन बेमुदत तहकूब, तेच. इकडे मात्र हा शब्द विधिमंडळातून मैदानावर उतरला आणि ग्लासगोच्या तोंडी पडून त्याचं क्रियापदच झालं. अमका सायनी डाय झाला, म्हणजे त्याला खेळायची बंदी आली आणि ती कधी उठेल हे कुणी सांगितलं नाही. 'बेमुदत' हा शब्द मी कोल्हापुरात लहानपणापासून ऐकलेला. बेमुदत संप, बेमुदत उपोषण, बेमुदत रास्ता रोको. त्यात एक ताठा असतो. उपोषणाला बसलेला माणूस स्वतः होऊन बसलेला असतो, मुदत न घालणं हे त्याचं हत्यार असतं. तोच शब्द दुसऱ्याने आपल्यावर घातला की काय होतं, याचा मी कधी विचार केला नव्हता. केला नव्हता म्हणणंही खरं नाही. पण ते पुढे.

पुढच्या शनिवारी लेक अंथरुणातच पडून राहिला, मी मात्र मैदानावर गेले. लोक म्हणतील पोराबरोबर आईलाही बंदी आहे की काय. आजोबांना विचारलं, तुम्ही कुणाचं बोलत होता? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाहू स्टेडियमवर मी कुणाला विचारलं असतं की पाटाकडील हा कुठला संघ हो. "विली वुडबर्न," ते म्हणाले. आणि मग बोटं मोडत, पाढा म्हणावा तशी नावं म्हटली. ब्राउन, यंग, शॉ, मॅकॉल, वुडबर्न, कॉक्स. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या रेंजर्स या ग्लासगोच्या क्लबाचा गोलरक्षक आणि त्याच्या पुढचे पाच. चर्चिलच्या भाषणानंतर 'पोलादी पडदा' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता, तो वर्तमानपत्रांनी या सहा जणांना चिकटवला. आजोबा रेंजर्सचे की त्यांच्या हाडवैरी सेल्टिकचे हे मी विचारलं नाही. या गावात ते विचारायचं नसतं, समोरच्याने सांगितलं तरी ऐकलं नाही असं दाखवायचं असतं.

कोल्हापूरच्या मुलीला फुटबॉल समजावून सांगायला नको, असा माझा एक गैरसमज होता. पेठेपेठेचे संघ, तालमीच्या नावाने खेळणारी पोरं, भावाच्या सायकलवर पुढच्या नळीवर बसून स्टेडियमला जाणं, शेंगांची टरफलं आणि शिव्या, हे सगळं मी बघितलेलं. पण वुडबर्न ज्या जागी खेळायचा त्या जागेचं नाव 'सेंटर हाफ', आणि हाफ म्हणजे मधला. मग हा मधला माणूस अगदी मागे गोलासमोर काय करत असतो, हे मला कधी कळलं नव्हतं. ते लेकाने समजावलं, मीठ-मिरपूडच्या डब्या जेवणाच्या टेबलावर मांडून. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. आधी हल्ला करणाऱ्यापुढे तीन विरोधी खेळाडू असावे लागत, ते दोन झाले. हल्ला करणं सोपं झालं, गोल वाढले, म्हणून मधल्या माणसाला ओढून दोन फुलबॅकच्या, म्हणजे मागच्या बचावपटूंच्या, मध्ये उभं केलं. पूर्वी तो खेळ उभा करायचा, आता त्याचं काम एकच, थांबवणं. नाव जुनंच राहिलं, जागा बदलली. "म्हणजे आई, माझी जागा," लेक म्हणाला आणि मिठाची डबी पुढे सरकवली.

वुडबर्न एडिंबराचा, जन्म ऑगस्ट १९१९ चा. १९३७ मध्ये रेंजर्सकडे आला, तेव्हा वय अठरा. दोन वर्षांत युद्ध लागलं. स्कॉटलंडची नेहमीची लीग बंद पडली ती १९४६ पर्यंत, म्हणजे वीस ते सव्वीस ही वर्षं, ज्यात खेळाडू खेळाडू होतो, ती गेली. त्या काळात जे सामने झाले ते अधिकृत धरले जात नाहीत. देशाकडून तो पहिल्यांदा खेळला १९४७ च्या एप्रिलमध्ये, लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर, इंग्लंडविरुद्ध, सत्ताविसाव्या वर्षी. नंतर भराभर मिळत गेलं. १९४८-४९ च्या हंगामात रेंजर्सने लीग, स्कॉटिश कप आणि लीग कप असे तिन्ही जिंकले. तोवर कुणाला जमलं नव्हतं ते. १९४९ आणि १९५१ ला वेम्ब्लीवर जाऊन इंग्लंडला हरवणाऱ्या दोन्ही संघांत मधे हाच उभा होता. एकूण २४ आंतरराष्ट्रीय सामने. शेजारी जॉर्ज यंग, सहा फूट दोन इंच, जो नशिबासाठी खिशात शँपेनचं बूच बाळगायचा म्हणून ज्याला 'कॉर्की' म्हणत. वुडबर्नला 'बिग बेन' म्हणत, आणि त्याचा लंडनच्या घड्याळाशी काही संबंध नाही. १९४८ साली संघ लिस्बनला जाऊन बेनफिकाला हरवून आला, त्या रात्रीच्या पार्टीत हा गडी 'व्हिवा बेनफिका' ओरडत राहिला म्हणे, तेव्हापासून बेन. मला हा तपशील फार आवडतो. ज्यांना हरवलं त्यांच्याच नावाने जल्लोष करणारा माणूस.

आणि हाच माणूस मारायचा.

त्यात लपवालपवी नको. १९४८ मध्ये मदरवेलच्या डेव्ह मॅथीशी मारामारी, १४ दिवस बंदी. १९५३ मध्ये क्लाइडच्या बिली मॅकफेलला ठोसा, २१ दिवस. त्यानंतर स्टर्लिंग अल्बियनविरुद्ध पुन्हा, ६ आठवडे, आणि सोबत ताकीद की यापुढे काही केलंस तर फार गंभीरपणे घेतलं जाईल. रेंजर्सचे व्यवस्थापक तेव्हा बिल स्ट्रुथ, १९२० पासूनचे, कडक शिस्तीचे. खेळाडूंनी सूट, टाय आणि डोक्यावर गोल हॅट घालूनच आयब्रॉक्सवर, म्हणजे क्लबाच्या मैदानावर, यायचं. ती गोल हॅट घालून, विटांच्या दर्शनी भिंतीखालून आत शिरणारा वुडबर्न मी मनाशी बरेचदा उभा करून बघितला. बाहेर इतकं नीट, इस्त्रीचं, आणि आत कुठेतरी ती शीर. आमच्या घरातही होती ती शीर, आम्ही तिला 'डोकं फिरणं' म्हणायचो. डोकं फिरलं की माणूस जणू तो नसतोच, आणि डोकं जागेवर आलं की पुन्हा तोच. जबाबदारी कुठल्या डोक्याची, हे कुणी ठरवत नसे.

२८ ऑगस्ट १९५४. आयब्रॉक्स, लीग कपचा सामना, समोर पुन्हा स्टर्लिंग अल्बियन. स्ट्रुथ जाऊन स्कॉट सायमन यांना व्यवस्थापक होऊन तीन महिनेही झाले नव्हते. रेंजर्स पुढे होते आणि सामना संपत आलेला. वुडबर्नचा गुडघा दुखरा होता. तेव्हा बदली खेळाडू नसायचा, दुखलं तरी उभं राहायचं, पायात टणक टोकाचे बूट, पावसात भिजून दुप्पट जड होणारा चामड्याचा चेंडू. अल्बियनच्या अलेक पॅटरसनने त्याला टॅकल केलं, गुडघ्यात कळ गेली आणि वुडबर्नने त्याला मारलं. डोकं की मूठ, याबद्दल दोन्ही वाचायला मिळतं. लाल कार्ड वगैरे नाही. ती कार्डं १९७० च्या विश्वचषकात आली. पंचाने हात करून दिशा दाखवायची आणि माणसाने चालू लागायचं. जिंकत आलेला सामना, उरलेलं मिनिट, काहीही गरज नसताना. हे वाचताना माझ्या हाताला थर्मासचं झाकण लागलं, इतकं स्पष्ट.

१४ सप्टेंबरला स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनच्या समितीपुढे प्रकरण आलं. चार मिनिटांत संपलं. मी एकदा मुद्दाम घड्याळ लावून बघितलं, चार मिनिटांत काय होतं. आमच्या शेगडीवर दोन कप चहा होतो, पण आलं नीट उतरत नाही. सतरा वर्षं त्या क्लबात असलेल्या माणसाचा खेळ चार मिनिटांत थांबला, आणि किती दिवसांसाठी, तर साइनि डाइए.

लेकाला हे आकडे मी कागदावर लिहून दाखवले. गणिताच्या पोराला आकडे दिले की तो माणूस बाजूला ठेवतो. १४, २१, ४२. त्याने पेन्सिल फिरवली, मग म्हणाला, "आई, पुढचा आकडा काय असायला हवा? चौऱ्याऐंशी?" मी म्हटलं, असेल. दोनशे असेल, पाचशे असेल. "मग त्यांनी आकडाच का नाही घातला?" याचं उत्तर मला देता आलं नाही. समितीच्या बाजूने बघायचं तर तिला चिडायचं पुरेपूर कारण होतं. तीनदा शिक्षा केली, ताकीद दिली, आणि हा मोठ्या क्लबाचा मोठा खेळाडू, याला सोडलं तर लहान क्लबच्या पोरांना काय तोंड दाखवायचं. मी समितीत असते तर मीही हात वर केला असता. पण मी आकडा घातला असता, असं मला वाटतं. वाटतं, एवढंच.

ती असोसिएशन तशी शब्दाची पक्कीच होती म्हणायची. १९५० च्या विश्वचषकाला ब्रिटनमधल्या चार देशांच्या आपसातल्या स्पर्धेतल्या पहिल्या दोघांना सरळ प्रवेश होता. यांनी आधीच जाहीर करून टाकलं, पहिले आलो तरच ब्राझीलला जाऊ. ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानावर इंग्लंडकडून एक-शून्यने हरले. वुडबर्न त्या संघात होता. दुसरे आलेले असूनही गेले नाहीत. इंग्लंडचा कर्णधार बिली राइटने जॉर्ज यंगला गळ घातली, खेळाडूंची जायची इच्छा होती, तरी नाही म्हणजे नाही. त्या वर्षी ब्राझीलला न गेलेल्यांत आपणही होतो. अनवाणी खेळू देत नाहीत म्हणून गेलो नाही, ही गोष्ट सांगत आपण मोठे झालो, खरं तर आपल्या संघटनेलाच त्या स्पर्धेचं फारसं अप्रूप नव्हतं. त्यांनी हट्टाने सोडलं, आपण बेफिकिरीने. मोकळी राहिलेली जागा दोघांची सारखीच.

वुडबर्नला काढल्यावर स्कॉटलंड कसा बुडाला, अशी गोष्ट रचायचा मोह होतो. सामग्री आहे. १९५५ च्या एप्रिलमध्ये, बंदीला साडेसहा महिने झालेले, वेम्ब्लीवर इंग्लंडने त्यांना ७-२ असं धुतलं. पण वुडबर्न १९५२ नंतर देशाकडून खेळलेलाच नव्हता. त्याला पस्तीस पूर्ण झाली होती, गुडघा गेला होता, बंदी आली नसती तरी वर्षा-दोन वर्षांत तो थांबलाच असता. त्याच्याकडून फारसं काही काढून घेतलं गेलं नाही, असंही कुणी म्हणेल. मला मात्र नेमकं तेच खुपतं. जे आपोआप संपणार होतं, ते त्याला स्वतः संपवता आलं नाही.

आता ते मघाशी पुढे ढकललेलं.

आमचं गाव पंचगंगेच्या काठी, कोल्हापूरपासून सायकलने पाऊण तास. उसाचं रान, वडिलांचं आणि काकांचं वाटून झालेलं, विहीर सामायिक. १९८५ च्या उन्हाळ्यात, मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची, वडील रात्रभर उसाला पाणी पाजत, पाटाची दारं धरून जागे होते. पहाटे काकांनी पाळी संपायच्या आधीच दारं मोडून पाणी आपल्याकडे वळवलं. वडिलांनी चार गड्यांसमोर धाकट्या भावाच्या कानाखाली वाजवली. मी तेव्हा चहाची किटली घेऊन बांधावर पोचत होते. आवाज आठवतो, चेहरे आठवत नाहीत. काका काही बोलले नाहीत. खोरं उचललं आणि गेले. त्या दिवसापासून काका वडिलांशी बोलायचे थांबले. कुणी बैठक घेतली नाही, ठराव केला नाही, कुणी म्हटलं नाही की इतके महिने किंवा इतकी वर्षं. अबोल्याला तारीख नसतेच.

वडील माफी मागणाऱ्यातले नव्हते. पण दरवर्षी गुऱ्हाळ लागलं की पहिल्या काहिलीतला पाच किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, काढून फडक्यात बांधून ठेवायचे. "काकाच्यात देऊन ये," एवढंच. मी आणि भाऊ सायकलच्या कॅरिअरला बांधून न्यायचो. गरम गुळाचा, मळीचा, धुराचा तो वास हाताला दोन दिवस असायचा. काकू रवा ठेवून घ्यायची, आमच्या हातावर शेंगदाणे घालायची, आणि संध्याकाळी तो रवा तसाच फडक्यासकट आमच्या कट्ट्यावर ठेवलेला असायचा. वडील बघायचे, उचलून आत ठेवायचे. त्या गुळाचा चहा आमच्या घरी आठ दिवस कुणी पीत नसे. तीन वर्षं असा परत आला. चौथ्या वर्षी संध्याकाळ झाली, रात्र झाली, कट्टा मोकळा. वडील दोन वेळा उगाच बाहेर जाऊन आले. मला वाटलं संपलं आता. संपलं नव्हतं. गूळ तिकडे राहू लागला, बोलणं काही सुरू झालं नाही. त्यात आणखी सात वर्षं गेली.

वुडबर्ननेही अर्ज केले, एकाहून जास्त वेळा. ते फेटाळले गेले. १९५५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. बंदी उठली एप्रिल १९५७ मध्ये. तोवर अडीच वर्षं उलटून गेलेली, वय सदतीस. उठली म्हणजे काय झालं, तर आता खेळायला हरकत नाही असं कळवण्यात आलं, ज्याने खेळणं सोडलं होतं त्याला. नंतर तो वर्तमानपत्रासाठी फुटबॉलवर लिहायचा. म्हणजे दर आठवड्याला मैदानावर जायचा, रेषेच्या बाहेर बसायचा. २००१ च्या डिसेंबरात गेला, ब्याऐंशीव्या वर्षी. दुसऱ्या शनिवारी मी आणि लेक हॅम्पडनच्या संग्रहालयात गेलो होतो, तिथल्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव आहे. जुने बूट बघून लेक म्हणाला, "हे घालून पळायचे?" मी त्या तपकिरी चामड्याच्या चेंडूकडे बघत होते. त्याला आपल्याकडच्या जुन्या पखालीसारखी रया आलेली. खरं सांगायचं तर वुडबर्नपेक्षा मी त्या अडीच वर्षांकडेच बघायला गेले होते, आणि ती कुठल्या काचेत ठेवणार.

आमच्याकडची बंदी उठली १९९६ ला, आजीच्या दहाव्याला, नदीवर. पिंड ठेवलेले, कावळा येत नव्हता, सगळे ताटकळलेले. काका वडिलांच्या शेजारी येऊन उभे राहिले, नदीकडे बघत, आणि म्हणाले, "दादा, लाइट आलीया काय?" म्हणजे मोटरला. वडील म्हणाले, "आत्ताच आली." अकरा वर्षांनी बोलले ते एवढंच. कुणी गळ्यात पडलं नाही. त्या संध्याकाळपासून ते रोज बोलू लागले, पाण्याबद्दल, खताबद्दल, कारखान्याच्या बिलाबद्दल, पण पूर्वी पारावर बसून हसायचे तसे पुन्हा हसताना मी त्यांना पाहिलं नाही. दोघांचीही पन्नाशी जवळ आलेली. ज्या वयात भाऊ भावाचा असतो ते वय निघून गेलं होतं.

मी आयुष्यभर वडिलांच्या बाजूची. फडक्यातला तो परत आलेला गूळ आठवला की अजून घशात काहीतरी येतं. एका थोबाडीला अकरा वर्षं, हे माझं जन्माचं गणित. वुडबर्नचं वाचतानाही मी लगेच त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले, चार मिनिटं म्हणाले, आकडा का नाही म्हणाले. आणि मग तिसऱ्या शनिवारी, लेक बंदीतला शेवटचा सामना रेषेबाहेर उभा राहून पाण्याच्या बाटल्या देत होता, तेव्हा माझ्या लक्षात आलं की अलेक पॅटरसनचं नाव मी एवढ्या वाचनात जिथे जिथे पाहिलं, तिथे ते एकाच वाक्यात आहे. ज्याला मारलं तो. त्याच्या जबड्याचं काय, त्याला ऑगस्टातली ती दुपार कितीदा आठवली, त्याने कधी मनातल्या मनात तारीख घातली का. मी शोधलंही नव्हतं. काका अजून आहेत, अठ्ठ्याहत्तरीचे. दिवाळीला फोन करते, तब्येत विचारते. चार गड्यांसमोर त्या पहाटे गालाला कसं झालं, हे मी त्यांना विचारलेलं नाही. बांधावर उभी होते मी, किटली घेऊन. एवढं मात्र आठवतं की खोरं उचलताना त्यांचा हात थरथरत होता. हे मला त्या तिसऱ्या शनिवारपर्यंत आठवत नव्हतं.

आजोबांनी कुत्र्याला बिस्किट घातलं आणि विचारलं, "पुढच्या आठवड्यापासून येणार ना पोरगा?" मी हो म्हटलं.

परतताना गाडीत पुन्हा तोच वास, या वेळी मोजे कोरडे असूनही. सिग्नलला थांबलो. मी विचारलं, "त्या पोराचं नाव काय रे? ज्याला तू..." पुढचं वाक्य मी तोडलं. तो खिडकीबाहेर बघत होता. सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न दिला.

"माहीत नाही," तो म्हणाला. आणि बऱ्याच वेळाने, आम्ही घराच्या गल्लीत वळल्यावर, "सात नंबर होता."